चार दिवसांत कॅप्टन

बुधवारी सकाळी अकरा वाजता लेकीचा फोन आला आणि मालिम दचकले. लेक फोन करायची ती रविवारी संध्याकाळी, आणि तोही सात-आठ मिनिटं. तब्येत कशी आहे, औषधं संपली का, लिफ्ट सुरू झाली का, एवढंच. मधल्याच वारी फोन आला म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, हे ते धरूनच चालले.

"काय झालं?" हॅलोही न म्हणता त्यांनी विचारलं.

"काही झालं नाही, बाबा. माझंच थोडं काम आहे तुमच्याकडे."

मालिम हे काही त्यांचं नाव नव्हे. जहाजावर कॅप्टनच्या हाताखाली जे अधिकारी असतात त्यांना खलाशी मालिम म्हणतात. सगळ्यात वरचा मोठा मालिम, मग दुसरा, मग तिसरा. चौतीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढून ते मोठे मालिम म्हणून निवृत्त झाले होते आणि बायको थट्टेने मारायची ती हाकच घरात चिकटून बसली. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. इमारतीतले लोक त्यांना कॅप्टनकाका म्हणत. सुरुवातीला ते दुरुस्ती करायचे, "कॅप्टन नव्हतो हो, त्याच्या खालचा," पण ती ऐकून समोरचा माणूस उगाच ओशाळतो असं दिसल्यावर त्यांनी तो नाद सोडला.

लेक दुसऱ्या शहरात राहायची आणि सिनेमांच्या पटकथा लिहायची. आता हातात होता तो अंतराळातला साहसपट. तिने भराभर गोष्ट सांगितली. एक भलंमोठं मालवाहू यान, त्यावर नुकतीच रुजू झालेली एक कॅडेट मुलगी. शत्रूचा हल्ला होतो, वरचे अधिकारी मरतात, मुलगी यान वाचवते आणि चौथ्या दिवशी कॅप्टन होते. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात.

"परवा दहा जणांना बसवून वाचून दाखवलं," लेक म्हणाली. "बढतीच्या जागी एक जण फसकन हसला. तो हसला म्हणून बाकीचेही हसले. आता दिग्दर्शक म्हणतो, हे पटलं पाहिजे, कुणीतरी जाणकार गाठ."

"आणि जाणकार म्हणून मी?"

"मग दुसरं कोण आहे माझ्या ओळखीत, ज्याने कॅप्टन व्हायची एवढी वर्षं वाट पाहिली?"

घरातली ती जुनी ठसठस होती. कंपनीने बाबांवर अन्याय केला, मागून आलेले पुढे गेले, हे तिने लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकलं होतं. आई शेजारणींना दर वर्षी सांगायची, "पुढच्या खेपेला होतील हो कॅप्टन." त्या कंपनीत बायकोला जहाजावर बरोबर न्यायची मुभा फक्त कॅप्टनला होती. पुढच्या खेपा येत राहिल्या आणि जात राहिल्या.

"पाठव," मालिम म्हणाले. "वाचतो."

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्यांनी एकशे अठरा पानं छापून आणली. जेवणाच्या टेबलावरचं सामान हलवलं. सामान म्हणजे औषधांचा डबा, बिनझाकणाची मिठाची बरणी आणि महिन्याभराची वर्तमानपत्रं. चार माणसांचं ते टेबल गेली तीन वर्षं फडताळासारखंच वापरलं जात होतं, कारण मालिम स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानेच खाऊन घेत. लाल पेन्सिलीला टोक काढलं. जहाजावर सागरी नकाशे दुरुस्त करायचं काम त्यांनी अनेक वर्षं केलेलं. नवा दीपस्तंभ, बुडालेली होडी, सरकलेली वाळू, जे असेल ते लाल खुणेनं नोंदवायचं. पटकथाही ते तशीच वाचू लागले.

आणि काय सांगावं, त्यांना मजा यायला लागली. नाहीतर ते एक दिवसाआड दाढी करायचे. आता रोज सकाळी करून, इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसू लागले. संध्याकाळी फिरायला जातानाही डोक्यात तेच. जिन्यात भेटलेल्या खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यीणबाईंना त्यांनी आपणहून सांगितलं, "सध्या कामात आहे जरा." बाईंनी हसून मान हलवली आणि क्लिनिकचं कुलूप उघडलं. त्यांना अजून सांगायचं होतं, पण बाईंचा पेशंट आला.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच लेकीला फोन लावला.

"तुझ्या त्या कॅडेटची समुद्रावरची, म्हणजे अंतराळातली, सेवा किती झाली?"

"तीन आठवडे."

"अगं, तीन आठवड्यांत आमच्या कॅडेटला संडास कुठे आहे ते नीट सापडायचं नाही! आधी दीड-दोन वर्षं नुसती हमाली. मग परीक्षा. मग तिसरा मालिम. मग पुन्हा सेवा, पुन्हा परीक्षा. घोडं कितीही दामटलं तरी कॅप्टन व्हायला दहा-बारा वर्षं. आणि कॅप्टन कोण करतो? सेनापती मरता मरता तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, आता तू कॅप्टन. असं नसतं. ऑफिसातून कागद यावा लागतो."

"ऑफिस पान चौसष्टवर उडालंय, बाबा."

"मग मधल्या अधिकाऱ्यांचं काय? यानावर सहा जण तिच्यापेक्षा वरचे आहेत. चौथ्या दिवशी तिला कॅप्टन करायचं तर सहाच्या सहा मारावे लागतील."

"पान एकेचाळीस वाचा."

त्यांनी पान उलटलं. पाच जण एका दमात मेले होते. "एक उरला," ते म्हणाले.

"तो फितूर निघतो. नव्वदवर."

लेक हसली. मालिमही हसले. दोघं एकाच वेळी फोनवर हसल्याला किती वर्षं झाली होती, त्यांना आठवेना. ती जन्मली तेव्हा ते समुद्रावर होते आणि चालायला लागली तेव्हाही. नऊ महिने बाहेर, तीन महिने घरी. आईला ती अगं-तुगं करायची. त्यांना मात्र पाहुण्यासारखं तुम्ही.

शेवटी त्यांच्या टिपणांची तेवीस पानं झाली. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. त्यांनी ती पाकिटात घालून पाठवली आणि टेबल पुन्हा मोकळं झालं. आठ दिवस काही उत्तर नाही. रविवारच्या फोनवरही लेक तेवढ्यापुरतंच म्हणाली, "मिळालं, वाचते." नवव्या दिवशी तिने कळवलं, की दिग्दर्शकाला ती पानं फार आवडली आहेत. गुरुवारी कलाकारांबरोबर वाचन आहे, त्याला बाबांनी यावं.

मालिम सकाळच्या बसने निघाले. चार तासांचा प्रवास, खिडकीची जागा. कुणी शेजारी बसलंच तर सांगावं म्हणून वाक्य तयार होतं, 'सिनेमाच्या कामाला चाललोय,' पण शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली.

लेकीचं ऑफिस चौथ्या मजल्यावर. काचेचं दार, चाकांच्या खुर्च्या, भिंतीवर रंगीत कार्डं टाचण्यांनी लावलेली. एकेका कार्डावर एकेक प्रसंग. खिडकीखाली जुन्या कपबशा साठलेल्या. लेकीने ओळख करून दिली, "हे माझे बाबा." दिग्दर्शक पस्तिशीचा, सतत उभा असणारा माणूस होता. कॅडेटचं काम करणारी अभिनेत्री पायाखाली पाय घेऊन खुर्चीत बसली होती आणि मालिम आत आले तशी ती नीट बसली. शिवाय वेळापत्रक सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. एवढेच जण.

वाचन झालं. अभिनेत्री चांगलं वाचायची. बढतीचा प्रसंग आला तसा दिग्दर्शकाने हात वर केला.

"थांबा. साहेब, तुमची तेवीस पानं मी दोनदा वाचली. हे का होऊ शकत नाही, ते मला आता तोंडपाठ आहे. पण मला ते व्हायला हवंय. कसं होईल?"

"नाहीच होणार," मालिम म्हणाले.

"कधीच? कुणाचंच?"

मालिमांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. खोट्या नोंदी करायची त्यांना सवय नव्हती. लॉगबुकात चौतीस वर्षं त्यांनी जे घडलं तेच लिहिलं होतं.

"एकदा झालं होतं," ते म्हणाले. "माझंच."

लेकीने मान वर केली.

"मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा. दुसरा मालिम. मोठ्या मालिमांना मागच्या बंदरात अपेंडिक्ससाठी उतरवलं होतं, बदली माणूस पुढच्या बंदरात चढणार होता. मधे चौदा दिवसांचा महासागर. तिसऱ्या दिवशी कॅप्टनसाहेब नाश्ता करून उठले, पुन्हा बसले, आणि गेले. बशीतलं अर्धं अंडं तसंच होतं. मी ऑफिसला तार केली. चार तासांत उत्तर आलं. तीन ओळी. पुढील आदेश येईपर्यंत जहाज तुमच्या ताब्यात. खाली सही."

"म्हणजे चार तासांत कॅप्टन!" दिग्दर्शक ओरडलाच. "आणि माझे चार दिवस तुम्हाला पटत नाहीत? मग तेवीस पानं कशाला लिहिलीत, साहेब?"

सगळे हसले. मालिमही थोडे हसले. लेक हसली नाही.

अभिनेत्रीने विचारलं, "मग लोकांनी काय केलं? टाळ्या?"

"टाळ्या कुठल्या? सव्वीस माणसं जहाजावर. कॅप्टनसाहेबांच्या बायकोने कळवलं होतं, की त्यांना घरी आणा, समुद्रात सोडू नका. म्हणून स्वयंपाक्याने थंड खोली रिकामी केली आणि त्यांना तिथे ठेवलं. तिथलं मांस डेकवर आणून फेकून द्यावं लागलं. ते काम चालू होतं तोवर सगळे खाली मान घालून उभे होते. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं."

"आणि तुम्ही त्यांच्या खुर्चीवर बसलात?"

"त्या दिवशी नाही. जेवणघरात लांब टेबल असतं, टोकाला कॅप्टनची खुर्ची. मी माझ्या नेहमीच्या जागी बसलो, तिसऱ्या मालिमाशेजारी. त्याचा माझा दोस्ताना होता. एका आरशात दाढी करायचो आम्ही, रोज संध्याकाळी पत्ते खेळायचो. तो भयंकर लबाडी करायचा आणि पकडलं की आईची शपथ घ्यायचा." मालिम थांबले. "दुसऱ्या दिवशी सारंग आला, म्हणजे खलाशांचा मुकादम. माझ्या बापाच्या वयाचा. म्हणाला, साहेब, त्या खुर्चीवर बसा. ती रिकामी दिसली की पोरं घाबरतात. म्हणून मी जाऊन बसलो."

"मग?"

"मग टेबलावरचं बोलणं थांबलं. नुसते चमचे वाजायचे. मी मीठ मागितलं की मीठ यायचं. संध्याकाळी पत्त्यांच्या खोलीत गेलो, तर सगळे उभे राहिले. मी म्हटलं, अरे बसा, वाटा की पत्ते. तिसऱ्याने वाटले, आणि एकदाही लबाडी केली नाही. मला मुद्दाम जिंकू दिलं त्याने. त्यानंतर मी तिकडे गेलो नाही."

वेळापत्रकाच्या बाईंनी घड्याळाकडे पाहणं सोडलं होतं.

"सातव्या दिवशी हवा बिघडली. पुढच्या डेकवरचं एक झाकण निसटलं आणि मालाच्या कोठारात पाणी जायला लागलं. दोन माणसांनी जाऊन ते आवळून यायला हवं होतं. सारंग, आणि एक अधिकारी. ते काम दुसऱ्या मालिमाचं. म्हणजे आदल्या आठवड्यात मीच गेलो असतो. पण कॅप्टनने तशा हवेत ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची जागा, सोडायचा नसतो. तिसरा माझ्या शेजारीच उभा होता. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, तू जा. तो म्हणाला, येस सर. मी जहाजाचं तोंड फिरवून त्यांना जमेल तेवढा आडोसा दिला. तरी एक लाट आलीच. सारंगाने त्याला कमरेला धरून ठेवलं म्हणून माणूस राहिला. पण झाकण त्याच्या हातावर आलं. डाव्या हाताची दोन बोटं."

मालिमांनी आपली दोन बोटं दाखवली, करंगळी आणि शेजारचं, आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला.

"हवा निवळल्यावर मी खाली त्याला बघायला गेलो. म्हणालो, अरे, मी स्वतःच येणार होतो. तो म्हणाला, ठीक आहे, सर. पट्टी बांधलेल्या हाताने उठून उभं राहायला बघत होता. मी बाहेर आलो. नंतर सात दिवस जहाजाची दिशा आणि वेग यापलीकडे कुणी माझ्याशी चकार शब्द बोललं नाही. दोष कुणी दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. बंदरात नवे कॅप्टन चढले, मी किल्ल्या दिल्या आणि पुन्हा दुसरा मालिम झालो. त्या संध्याकाळी जेवणघरात माझ्या जुन्या जागेवर जाऊन बसलो. वाटलं, आता बोलतील. नाही बोलले. शेजारची जागा रिकामीच होती, तिसऱ्याला बंदरात उतरवलं होतं. त्याला मी दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही आलं."

मग अभिनेत्रीकडे वळून, एखाद्या नव्या कॅडेटला समजवावं तसं ते म्हणाले, "तेव्हा बढती चार दिवसांत होते की चार तासांत, ते सोडा. तसं होऊ शकतं. मी तेवीस पानं फुकट लिहिली. पटत नाहीत त्या टाळ्या. काल ज्यांच्याबरोबर तुम्ही हमाली केलीत, ते आज तुमच्यासाठी टाळ्या वाजवत नाहीत. ते उठून उभे राहतात. आणि मग परत बसतच नाहीत."

दिग्दर्शक भिंतीपाशी जाऊन कार्डं सरकवू लागला होता. "हे घ्यायचं. जेवणघर घ्यायचं. मीठ घ्यायचं," तो स्वतःशीच बोलत होता. मागे वळून, सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "मग पक्के कॅप्टन कधी झालात?"

"नाही झालो."

"कंपनीने केलं नाही?"

"दोनदा विचारलं त्यांनी. चाळिशीत एकदा, मग चार वर्षांनी पुन्हा. दोन्ही वेळा मी नाही म्हणून कळवलं."

लेकीचं पेन वहीवर थांबलं. तिने ते टोपण लावून टेबलावर ठेवलं. "पाच मिनिटं घेऊया का?" ती म्हणाली आणि कुणाच्या उत्तराची वाट न पाहता बाहेर गेली.

मालिम तिच्या मागे गेले तेव्हा ती जिन्याच्या वळणावर खिडकीशी उभी होती. खाली वाहनतळात कुणीतरी गाडी मागे घेत होतं, पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

"तुम्ही नाही म्हणालात," ती म्हणाली.

"हो."

"कंपनीने डावललं नाही. तुम्हीच."

"हो."

"आईला ठाऊक होतं?"

"नाही."

"आईने तो जाड लोकरीचा कोट शिवून घेतला होता, बाबा. उत्तरेकडच्या बंदरांत थंडी असते म्हणून. दर वर्षी काढून ऊन दाखवायची. मला म्हणायची, तू मावशीकडे राहायचंस हं शहाण्यासारखं, मी सहा महिने बाबांबरोबर जाणार. मी दर वर्षी मावशीकडे राहायची तयारी करायची. मनातल्या मनात रडून घ्यायची आधीच." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आणि मग तुमच्या कंपनीला आम्ही दोघी मिळून शिव्या द्यायचो."

मालिमांना काहीतरी बोलायचं होतं. जहाजावर अशा वेळी बोलायला ठरलेले शब्द असतात. चूक झाली तर काय नोंदवायचं, कुणाला कळवायचं, सगळं ठरलेलं. इथे काहीच ठरलेलं नव्हतं.

"आणि हे तुम्ही त्यांना सांगता," लेक म्हणाली. "ज्यांना आज सकाळी पहिल्यांदा भेटलात त्यांना."

"त्यांनी विचारलं म्हणून."

"मी नाही विचारलं कधी. बरोबर आहे. विचारणार कशी? मला उत्तर आधीच माहीत होतं ना."

ती आत गेली. दुपारी तिने त्यांना बसपर्यंत सोडलं, पाण्याची बाटली घेऊन दिली, खिडकीची जागा मिळाली का ते बघितलं. सगळं रीतसर. बस सुटताना तिने हात केला, पण बस वळायच्या आतच ती वळून चालू लागली होती.

पुढे रविवारचे फोन चुकले नाहीत. फक्त आखडले. तब्येत, औषधं. लिफ्ट सुरू झाली होती, तोही विषय संपला. तीन मिनिटांत दोघं फोन ठेवायचे. मालिम प्रत्येक वेळी ठरवायचे, आज बोलायचं, आणि ती "ठेवते मग" म्हणाली की "बरं" म्हणायचे. एकदा त्यांनी पत्र लिहायला घेतलं. समास सोडला, तारीख घातली, आणि 'चि.' लिहून पुढे तासभर बसून राहिले. तेवीस पानं लिहिणाऱ्या माणसाला त्या दिवशी एक ओळ सुचली नाही. दाढी पुन्हा एक दिवसाआड झाली. टेबलावर वर्तमानपत्रं चढली.

सिनेमा तयार व्हायला सव्वा वर्ष लागलं. मधे दोन-तीनदा लेकीने कामाचं विचारलं, ब्रिजवर चहाचा कप कुठे ठेवतात, लाटांत सांडत नाही का. मालिमांनी सांगितलं, खाली ओलं फडकं घालतात. "ओलं फडकं," तिने लिहून घेतलं असावं, आणि फोन ठेवला. प्रदर्शनाच्या आधी तिने कळवलं, की टाळ्या राहिल्या आहेत. तिने काढल्या होत्या, वरच्या लोकांनी परत घातल्या.

मालिम दुपारच्या खेळाला गेले. मोठ्या थिएटरात अकरा माणसं. पडद्यावर यानं फुटत होती, खुर्च्या हादरत होत्या. पाच अधिकारी एका दमात मेले, सहावा फितूर निघाला. मुलगी कॅप्टन झाली. कुणी हसलं नाही.

आणि मग जेवणघर आलं. लांब टेबल, टोकाची खुर्ची. मुलगी आपल्या जुन्या जागेकडे वळते, थांबते, आणि टोकाला जाऊन बसते. चमच्यांचा आवाज. ती मीठ मागते. जिच्याबरोबर ती आधीचा तासभर खिदळत होती ती मैत्रीण उठते, मीठ आणून ठेवते आणि दोन पावलं मागे जाऊन उभी राहते. मुलगी मिठाकडे बघत राहते. पुरतं एक मिनिटही नसेल.

मालिमांच्या पुढच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, "हे मधेच काय? रुसली का ती हिच्यावर?"

शेजारीण म्हणाली, "जळत असेल."

मालिम पुढे झुकले. सांगावंसं वाटलं, की नाही हो, जळत नाही. तिला आता कसं वागायचं तेच कळत नाहीये. पण तेवढ्यात लढाई सुरू झाली आणि बायका पुन्हा खुर्चीत टेकल्या. शेवटी सगळं यान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. थिएटरातल्याही दोघा-तिघांनी वाजवल्या.

बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या फुटपाथवर बाकडं होतं, त्यावर बसून मालिमांनी लेकीला फोन लावला. वार शुक्रवार होता.

"बघितलात?" तिने विचारलं. मागे पुष्कळ माणसांचा गलका होता.

"बघितला. जेवणघर चांगलं झालंय."

"पटलं?"

"ते पटलं."

ती गलक्यापासून दूर गेली असावी, आवाज कमी झाला. "बाबा, एक विचारू? वर्षभर विचारीन म्हणतेय."

"विचार."

"कॅप्टन नव्हतं व्हायचं, ते मला कळलं. खरंच कळलं, मी तो प्रसंग सतरा वेळा लिहिलाय. पण आईला का नाही सांगितलंत? ती काही रागावली नसती."

समोरून एक बस आली, थांबली, गेली. मालिमांनी घाई केली नाही.

"रागावली नसती, म्हणूनच," ते म्हणाले. "तिला सांगितलं असतं, की मला त्या खुर्चीवर एकट्याने बसायची भीती वाटते, तर ती म्हणाली असती, एकटे कुठे, मी येते ना बरोबर. मग नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण उरलं नसतं. आणि तरीही मी नाहीच म्हणालो असतो. तिची सोबतही मला पुरत नाही, हे तिला दिसलं असतं."

ती रडतेय की नुसती उभी आहे, ते फोनवरून समजेना.

"मला आत बोलावतायत," ती शेवटी म्हणाली.

"जा तू. काम आहे तुझं."

"तुम्ही आहात कुठे आत्ता?"

"थिएटरबाहेर. बाकड्यावर."

"उन्हात?"

"थोडं आहे ऊन."

"सावलीत बसा," ती म्हणाली. ती लगेच फोन ठेवेल असं त्यांना वाटलं. तिने ठेवला नाही. कुणीतरी तिला पुन्हा हाक मारली, ती "आले" म्हणाली, आणि फोन तसाच चालू राहिला. तिकडचा गलका, कपबशा, कुणाचं तरी मोठ्याने हसणं. मालिम कानाला फोन लावून ते ऐकत राहिले. मग कधीतरी तिच्याच, किंवा आणखी कुणाच्या तरी हातून, तो बंद झाला. ते उठले आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या सावलीत जाऊन बसची वाट बघत उभे राहिले.